गाणं कानबाईचं, नाव कुणाचं?

मुंबई–अहमदाबाद महामार्गावर बारडोली-नवापूरमार्गे धुळ्याला जाणारा रस्ता जिथे फुटतो, तिथे पलसाणा आहे. सुरत जिल्ह्यातला हा तालुका गायकवाडांच्या राज्यात नवसारी प्रांतातला एक महाल होता. म्हणजे इथे एकेकाळी मराठी राजाचा अंमल होता, आणि सयाजीराव तर जन्माने मालेगावकडच्या कवळाण्याचे. पण आज पलसाण्यात, कडोदऱ्यात, चलथाणला जी मराठी आणि तिच्याहून जास्त जी अहिराणी कानावर पडते, तिचा राजेरजवाड्यांशी काही संबंध नाही. ती सुरत–भुसावळ रेल्वेने आली. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव इथे माणसं गाडीत बसली आणि सुरतेच्या अंगाला उतरली. कोणी संच्यावर, म्हणजे लूमवर लागलं, कोणी कापड रंगवणाऱ्या-छापणाऱ्या प्रोसेस गिरणीत. काकरापारच्या कालव्यावर इथे ऊस पोसला. तो तोडायला येणाऱ्या टोळ्यांतही धुळे-नंदुरबारची माणसं असतात, पण हंगाम संपला की ती परत जातात. गिरणीतली राहिली.

राहिलेल्यांनी आपली कानबाईही इथे आणली. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ घालून, नटवून कानबाई मांडायची, सव्वाच्या मापाने दळलेल्या गव्हाचे रोट भाऊबंदांनीच खायचे, रात्रभर जागरण, फुगड्या, गाणी, आणि सोमवारी विसर्जन. गावाकडची ही रीत सुरतेच्या खान्देशी वस्त्यांमध्ये आजही चालते.

खाली जे दोघे बोलतात ते मी रचलेले आहेत. त्यांचं भांडण मात्र रचलेलं नाही. जुन्या चालीवर स्वतःचे शब्द बांधून, कोणा कंपनीला न विकता, स्वतःच्या नावाने गाणाऱ्या माणसाच्या घरात ते कधी ना कधी होतंच. भाचा तिशीतला, प्रोसेस गिरणीत स्टेंटरवर कामाला. मावशी साठी उलटलेली, शिंदखेड्याकडची; हळदीला आणि कानबाईला गाणाऱ्या बायांची पुढारीण. घरात दोघं अहिराणीच बोलतात, ते मी मराठीत लिहितो. सुटीचा दिवस आहे. मावशी मेथी निवडते आहे.

भाचा : हे बघ. कडोदऱ्याच्या कुठल्याशा सोसायटीतलं आहे. वीस-पंचवीस बाया फेर धरून माझं गाणं म्हणताहेत.

मावशी : बरं म्हणताहेत की. ती कडेची जरा पुढे पळते.

भाचा : खाली काय लिहिलंय ठाऊक आहे? ‘पारंपरिक कानबाई गीत’. पारंपरिक! मागच्या उन्हाळ्यात रात्रपाळीहून येऊन याच खोलीत लिहिलेलं गाणं.

मावशी : मग पेढे वाट. दुसऱ्याची गाणी आपल्या तोंडी बसतात हे रोजचंच. आपलं गाणं दुसऱ्यांच्या तोंडी बसणं किती जणांना जमतं?

गाणं काय आहे ते सांगायला हवं. कानबाई खान्देशातून पॅसेंजरमध्ये बसून लेकरांना भेटायला सुरतेला निघते. तिकीट काढलेलं नाही. टी. सी. तिच्या नथीकडे बघतो आणि पुढच्या डब्यात निघून जातो. मग ती गिरणीत येते, रंगाचे पिंप बघते, पाळी सुटेपर्यंत फाटकाशी बसून राहते. चाल जुनी, कानबाईच्याच एका गाण्याची. शब्द भाच्याचे. तिसऱ्या कडव्यात स्टेंटरच्या धगीने तिची नथ तापते, आणि शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याने स्वतःचं नाव गुंफलं आहे.

भाचा : शब्दही बदललेत. स्टेंटर होतं तिथे चूल घातलीय. नथ चुलीपुढे तापते म्हणे! अख्ख्या गाण्यात माझ्या कामाचा तोच एक शब्द होता. आणि शेवटचं कडवं गायब.

मावशी : चूल मी घातली.

भाचा : तू?

मावशी : मग काय करणार? ‘स्टेंटर’ फेरात बसत नाही. टाळी पडते तिथेच जीभ अडखळते. दोन वेळा म्हणून बघितलं, बाया हसायला लागल्या. चूल म्हटली आणि गाणं चाललं.

भाचा : मला चूल म्हणायचंच नव्हतं मावशी. चुलीवर हजार गाणी आहेत. स्टेंटर तू बघितलाय का कधी? लांबच लांब भट्टी. ओलं कापड दोन्ही काठांना पिनांवर धरून आत ओढलं जातं, गरम हवेत त्याचा पन्हा ताणला जातो आणि दुसऱ्या टोकाला कोरडं, सरळ होऊन बाहेर पडतं. आम्ही बारा-बारा तास त्याच्या तोंडाशी. आपल्याकडची किती पोरं तिथे उभी आहेत, आणि त्यांच्यावर एक गाणं नाही.

मावशी : मग तू म्हण ना स्टेंटर. तुझ्या तोंडी शोभतं. मी चूल म्हणते. दोन्ही राहू देत.

भाचा : दोन्ही राहत नाहीत. तुझं राहतं.

इथे मावशी काही बोलली नाही, आणि बोलण्यासारखं नव्हतंही. फेरात जे बसत नाही ते गळतं, ही लोकगीताची चाळणी फार जुनी आहे. तिच्यातून गाणी गुळगुळीत होऊन निघतात म्हणून आपण तिचं कौतुक करतो. पण ज्याचा एखादा खडबडीत शब्द तिच्यात अडकून गेला, त्याला विचारा. गिरणीबद्दल, पाळीबद्दल, पगाराबद्दल लोकगीतं इतकी कमी का, याचं निदान थोडं उत्तर या चाळणीत असावं, असं मला वाटतं.

भाच्याच्या कामाचा त्याच्या गाण्यावर आणखी एक परिणाम झाला आहे. स्टेंटरच्या पंख्यांचा एक अखंड सूर असतो. वर्षानुवर्षं त्या सुरात गुणगुणायची सवय लागली, त्यामुळे घरी रेकॉर्डिंगला बसला की आपसूक तोच षड्ज लागतो. तो त्याच्या गळ्याला खालचा पडतो. दोनदा-तीनदा गाणं वर चढवून पाहिलं. गळा खुलला, पण गाणं परकं वाटायला लागलं. शेवटी रजई टांगलेल्या खोलीत, फोनवर, गिरणीच्याच सुरात गायला. ऐकणाऱ्याला वाटतं आवाज जड आहे.

मावशी : आणि शेवटच्या कडव्याचं म्हणशील तर ते मी काढलं नाही. ते येतच नाही. रात्रभर जागायचं असतं रे. एक दमते, दुसरी उचलते, तिसरीला मधेच तिच्या माहेरचं गाणं आठवतं. कुठलं गाणं आम्ही शेवटपर्यंत नेतो? तू नाव ठेवलंस शेवटी. पहिल्या ओळीत ठेवायचंस.

भाचा : नाव शेवटीच ठेवतात. तुकाराम, नामदेव, सगळ्या शाहिरांनी शेवटीच ठेवलं. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात ‘वामन’ शेवटी येतो, आणि त्यावरूनच कळतं गाणं कुणाचं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा माणूस, मुंबईला गेला, गिरणीत राबला, कोळशाच्या वखारीत राबला. अक्षरं मोठेपणी शिकला. हजारो गाणी लिहिली. २००४ साली गेले, पण आजही १४ एप्रिलला त्यांच्याशिवाय गाडं हलत नाही. एका पुस्तकाचं तर नावच ‘हे गीत वामनाचे’. त्यांना का वाटलं असेल असं नाव द्यावं?

मावशी : त्यांची गाणी गायक गात होते. पुढे एकटा माणूस, मागे कोरस, समोर लोक बसलेले. बसलेला माणूस शेवटचं कडवं ऐकतो. आमच्यात बसलेलं कोणी नसतंच. सगळ्या गाणाऱ्याच.

हा मुद्दा मी तरी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही, पण तो मला पटतो. नाममुद्रा टिकते ती जिथे श्रोता आहे तिथे: कीर्तनात, जलशात, फडावर. जात्यावर, फेरात, हळदीत श्रोता नाही. म्हणून तिथली गाणी निनावी. बायांना नाव लावायचं नव्हतं म्हणून नव्हे, नाव ऐकायला कोणी बसलेलं नव्हतं म्हणून. शिवाय त्या गाण्यांत नावं असतातच, भरपूर असतात. भावाचं असतं, लेकाचं असतं, हळदीत तर नवरदेवाचं नाव जागच्या जागी बसवतात. नसतं ते फक्त गाणारीचं.

भाचा : बहिणाबाईंचं बघ. आसोद्याची लेक, जळगावात दिलेली. लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात आणि जात्यावर गाणी म्हणायच्या. सोपानदेव आणि पितांबर चौधरींनी उतरून ठेवली नसती, आचार्य अत्र्यांनी ती वही बघितली नसती, तर १९५२ चं ते पुस्तक निघालं असतं का? बाई १९५१ च्या डिसेंबरमध्ये गेली. पुस्तक तिने बघितलंही नाही. आज जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे. उतरून घेतलं नसतं तर तिचीही गाणी आज कुणीतरी ‘पारंपरिक’ म्हणून टाकली असती.

मावशी : तिचा लेक कवी होता. माझा लेक लूमवर आहे. आणि खरं सांगू? तिच्या गावात, तिच्या वयाच्या आणखी दहा जणी तशाच गात असतील. त्यांची नावं गेली म्हणून गाणी वाईट होती का?

भाचा : वाईट नव्हती. पण गेली.

मावशी : गेली कशी? कुणाच्या ना कुणाच्या तोंडी असतील. तुला ओळखता येत नाहीत एवढंच.

दोघांचंही बरोबर आहे म्हणून पुढे सरकावं असं हे भांडण नाही. मावशीचं म्हणणं सुंदर आहे, आणि सुंदर असल्यामुळेच मी त्याकडे जरा संशयाने बघतो. ‘गाणं सगळ्यांचं’ हे वाक्य गाणारीच्या तोंडी उदार असतं. तेच ते गाणं विकणाऱ्याच्या तोंडी आलं की सोयीचं होतं. थोड्या वेळाने बोलणं त्याच वाटेला गेलं. पण आधी पैशांचं झालं.

मावशी : त्या चॅनेलवाल्याला का नाही म्हणालास? एकरकमी देत होता. बायकोचं मंगळसूत्र सुटलं असतं.

भाचा : त्याला सगळे हक्क हवे होते. नाव त्याच्या चॅनेलचं, गायक त्याचा, व्हिडिओत त्याची नटी. आणि टी. सी.चं कडवं काढून तिथे कंबर घालायची होती.

मावशी : कंबरेवर नाचतात लोक. ‘हाई झुमकावाली पोर’ कितीजणांनी बघितलं? तूच सांगत होतास, कोटींच्या घरात. अहिराणी गाणं गुजरातीही नाचतात आता हळदीत. त्यात वाईट काय?

भाचा : वाईट काही नाही, मलाही आवडतं. अहिराणीत पैसा आहे हे त्या गाण्यांनीच दाखवलं. पण मला ते लिहिता येत नाही. मी प्रयत्न केला, नकली होतं.

मावशी : तर मग सुपारी घे. हळदीला जा, लोक सांगतील ते गा, पैसे मोजून घे. अधेमधे आपलं एक घुसव.

भाचा : तेच करतो ना मी. मे महिन्यात अर्धी सुरत गावाला जाते, गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा मी रजा टाकून लग्नं करतो. पण बघ, तिथे मी दुसऱ्याची गाणी गातो आणि दुसरीकडे कोणी माझं गातं. लग्नातल्या गाण्याचा रचणाऱ्याला छदाम मिळत नाही. कायद्यानेच नाही.

हे खरं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात धार्मिक विधीत गाणं वाजवलं-गायलं तर तो भंग मानलेला नाही, आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले समारंभ त्यातच धरले आहेत. सर्वसामान्य माणसाच्या दृष्टीने ही सवलत शहाणपणाची आहे. हळदीत गाणं लावलं म्हणून वधूपित्याला नोटीस जावी असं कोणालाच वाटणार नाही. पण खान्देशी गाण्याची बाजारपेठ म्हणजेच लग्न आणि कानबाई. नेमक्या त्या दोन दारांवर रचणाऱ्याला काही मागता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना मोठा आधार दिला: चित्रपटातलं असो वा नसो, रॉयल्टीतला त्यांचा वाटा कराराने लिहून घेता येत नाही. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत बोलले होते. पण रॉयल्टी जिथे जमाच होत नाही तिथे वाटा कशाचा? राहतं यूट्यूब. तिथे जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्राइबर आणि वर्षभरात लोकांनी बघितलेले ४,००० तास लागतात. भाच्याचे सबस्क्राइबर झाले आहेत, तास व्हायचे आहेत.

मावशी : गुजराती लोकांचं बरं आहे. डायऱ्याच्या मैफलीत गाणाऱ्यावर नोटा उधळतात. मी बघितलंय, पेटीवाला नोटांत बुडतो. आपल्यात कोणी दहाची नोट काढली तर आधी चारी बाजूंना दाखवतो.

भाचा : त्यांच्यात गाणाऱ्याला बसवून ऐकायची रीत आहे. आणि नावही घेतात. झवेरचंद मेघाणींनी सौराष्ट्रात फिरून बायांची गाणी गोळा केली. लोकसाहित्याच्या कामासाठी १९२८ चा पहिला रणजितराम सुवर्णचंद्रक त्यांना मिळाला. ‘मन मोर बनी थनगाट करे’ हे त्यांचं गाणं, तेही रवींद्रनाथांच्या कवितेवरून केलेलं. लोकांना वाटतं परंपरेतलंच आहे. पण डायऱ्यातला चांगला कलाकार मेघाणींचं नाव घेऊन सुरुवात करतो. मी तेवढंच मागतोय.

मावशी : आणि तू कोणाचं नाव घेतोस? चाल कुणाची आहे तुझ्या गाण्याची?

भाचा : जुनी आहे.

मावशी : जुनी म्हणजे? मी शिकवली तुला. मला माझ्या सासूने. पलसाण्याला आले तेव्हा तुझे काका पहिल्या पाळीला गेले की मी एकटी असायची, भिंतीपलीकडे ओरिसाचे लोक, भाषा कळायची नाही. तेव्हा मी ती चाल म्हणायची. तुझ्या त्या यूट्यूबवर शब्द तुझे, गायक तू, संगीतही तू. चालीखाली काय लिहिलंयस?

भाचा : …पारंपरिक.

मावशी मेथीच्या काड्या गोळा करून उठली आणि बराच वेळ मोरीत काहीतरी धुवत राहिली. वादात जिंकलेली माणसं कधी कधी अशी उठून जातात. भाचा फोन उलटसुलट करत बसला. त्याच्या बाजूने एक सांगितलं पाहिजे: जुन्या चालीवर नवे शब्द बसवण्यात गैर काही नाही. आपल्याकडची बहुतेक लोकगाणी तशीच झाली, वामनदादांनीही सुरुवातीला हिंदी गाण्यांच्या चालींवर शब्द बांधले, आणि तिकडे अमेरिकेत वूडी गथ्रीनेही चर्चची आणि गावोगावची गाणी घेऊन त्यांत आपले शब्द भरले. प्रश्न चाल घेण्याचा नाही. ज्या रकान्यावरून तो दुखावला होता, तोच रकाना त्याने स्वतः तसाच भरला होता, हा आहे.

मावशी परत आली तेव्हा त्याने दुसरा व्हिडिओ काढला.

भाचा : हे आठवतं? दिवाळीला तुझा आवाज घेतला होता. तू, शेजारच्या दोघी. तुझ्या सासूचं गाणं, शब्दसुद्धा जुनेच. मी टाकलं, आणि आठवड्यात त्यावर क्लेम आला. एका कंपनीने हीच चाल कीबोर्ड-ढोलकीवर घेऊन रेकॉर्ड केलीय. यूट्यूबच्या यंत्राला वाटलं आपण त्यांचं चोरलं. त्यावर जाहिरात लागली तर पैसे त्यांना.

मावशी : माझ्या सासूच्या गाण्याचे?

भाचा : हो.

मावशी : त्या कंपनीला कानबाई कोणी दिली?

भाचा : कोणीच दिली नाही. कोणाचंच नाव नव्हतं, त्यांनी त्यांचं घातलं. मी आक्षेप नोंदवला आहे, सुटेल बहुतेक. पण तू म्हणतेस ना गाणं सगळ्यांचं, तर सगळ्यांतला पहिला जो फॉर्म भरतो त्याचं होतं ते.

मावशी : (थोड्या वेळाने) मग माझं नाव घाल. पण मालकीण म्हणून नको. ते गाणं माझं नाही. मी गाते, एवढं लिही. आणि सासूचंही लिही, तिने शिकवलं म्हणून.

मावशीला ठाऊक नव्हतं, पण तिने जे मागितलं त्याला दाखला आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या अनेक ‘परी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियावर प्रसिद्ध झाल्या आहेत, आणि ओवीखाली गाणारीचं नाव, गाव असतं. त्या ओव्या त्या बाईने रचल्या असा दावा कोणी करत नाही. कायद्यातही तिची सोय आहे: २०१२ च्याच दुरुस्तीने ३८-ब कलम आलं, त्यानुसार गाणाऱ्याला आपण गायलं असं ओळखलं जाण्याचा हक्क आहे, मग गाणं कोणाचंही असो. मावशीचा हा हक्क आहे, भाच्याचा तर आहेच, आणि कडोदऱ्याच्या त्या फेरातल्या बायांचाही आहे, कडेने पुढे पळणारीसकट.

भाचा : आणि माझ्या गाण्याचं?

मावशी : तुझं शेवटचं कडवं पहिलं करू. तू नाव सुरुवातीला आणून बसव, मी म्हणवून घेते बायांकडून. पण चूल राहणार.

भाचा : स्टेंटर.

मावशी : चूल. फार वाटत असेल तर तुझ्या व्हिडिओत स्टेंटर म्हण, कोण अडवतंय?

भाचा : आणि पैसे?

मावशी : पैसे गिरणी देते ना. म्हणून तर त्या चॅनेलवाल्याला नाही म्हणू शकलास. पगार नसता तर घातली असतीस कंबर.

यावर भाच्याने वाद घातला नाही. स्वतंत्र कलावंत म्हणजे गाण्यावरच जगणारा, असं शहरातली मंडळी धरून चालतात. आपल्याकडचा अनुभव तसा नाही. अण्णा भाऊ साठे मुंबईत गिरणीत राबले, वामनदादांनी हमाली केली. भाच्याचं स्वातंत्र्यही दर महिन्याच्या पगारपत्रकावर उभं आहे, आणि त्याची किंमत तो झोपेतून चुकवतो: रात्रपाळी, मग दुपारी दोन तास लेखन, मग पुन्हा पाळी. मला यात रोमांचक काही दिसत नाही. त्याने एखादी चांगली सुपारी घेऊन चार महिने गिरणी सोडावी असंच मला वाटतं. पण तो सोडणार नाही.

माझं मत विचारलं तर चालीवर भाच्याचा हक्क नाही, शब्दांवर आहे, आणि फेरात त्याचे शब्द बदलले तर त्याने ते सोसावं. फेर हा बाजार नाही. चॅनेलने किंवा कंपनीने बदलले, विकले, तर मात्र त्याने भांडावं, आणि त्यासाठी गाण्याची तारीख, वही, पहिलं रेकॉर्डिंग जपून ठेवावं. मावशीला ही दोन ठिकाणं वेगळी आहेत हे पहिल्यापासून कळत होतं. भाच्याला ते क्लेम आल्यावर कळलं.

उरतो तो व्हिडिओखालचा एक शब्द. येत्या श्रावणात सुरतेत, पलसाण्यात, धुळ्यात, नाशकात, पुण्यात कानबाई बसेल आणि हजारो फोन वर होतील. ज्यांच्या हातात ते फोन असतील त्यांना एवढीच विनंती: टाकण्याआधी विचारा, हाई गानं कोननं शे? गाणारीचं नाव आणि गाव लिहा. कोणाकडून शिकली ते ती सांगेल, तेही लिहा. रचणारा ठाऊक असेल तर त्याचं नाव लिहा. नसेल ठाऊक, तर ‘रचणारा ठाऊक नाही’ असं लिहा. ‘पारंपरिक’ लिहून सुटू नका.